मोगरा, जास्वंद, चाफा: बर्फाळ हिवाळ्यातून कुंड्या सुखरूप कशा काढायच्या

न्यू जर्सी, शिकागो, टोरांटो किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी घरांच्या मागच्या दारी मोगऱ्याची, जास्वंदीची, चाफ्याची (म्हणजे देवचाफ्याची, सोनचाफ्याची नव्हे) कुंडी हमखास दिसते. जून ते सप्टेंबर ही झाडं तिथे झकास वाढतात. जूनमध्ये दिवस 15 तासांचा असतो, ऊन भरपूर असतं आणि आपल्याकडच्या मे महिन्यासारखी होरपळ नसते. प्रश्न येतो ऑक्टोबरात. पुढचे सहा-सात महिने झाड घरात काढायचं असतं आणि दरवर्षी बरीच झाडं मार्चपर्यंत टिकत नाहीत.

ती बहुतेक थंडीने मरत नाहीत, पाण्याने मरतात. झाड किती पाणी पिणार हे उजेड आणि ऊब यांवर ठरतं. डिसेंबरात तिथे दिवस जेमतेम 9 तासांचा असतो, त्यातही खिडकीच्या काचेतून आत येणारा उजेड बाहेरच्यापेक्षा फारच कमी. झाड जवळजवळ थांबलेलं असतं. अशा वेळी उन्हाळ्यासारखं एक दिवसाआड पाणी घातलं की कुंडीतली माती ओली आणि गार राहते, मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून पानं मलूल होऊन पिवळी पडतात. ते बघून आपल्याला वाटतं झाडाला पाणी कमी पडलंय, आणि आपण आणखी पाणी घालतो.

म्हणून प्रत्येक कुंडीबद्दल आत आणण्याआधी एकच गोष्ट पक्की ठरवायची: हे झाड हिवाळाभर झोपवायचं की जागं ठेवायचं? झोपवायचं तर गार, अंधारी जागा आणि जवळपास शून्य पाणी. जागं ठेवायचं तर ऊब, भरपूर उजेड आणि बेताचं पाणी. ऊब आहे पण उजेड नाही, किंवा गारवा आहे आणि माती ओली आहे, ही अर्धवट स्थिती झाडाला मारते.

आधी झाडाची ओळख पटवा

तिथल्या नर्सरीत 'जास्मिन' नावाखाली निदान तीन वेगळी झाडं मिळतात. आपला मोगरा 'अरेबियन जास्मिन' या नावाने विकला जातो. त्याचं पान अखंड, गोलसर आणि शिरा उठावदार असतात. फेब्रुवारीत तारेच्या कडीवर चढवून, गुलाबी कळ्यांसह विकायला येते ती 'पिंक जास्मिन'. तिचं पान पाच-सात पर्णिकांचं असतं आणि तिला हिवाळ्यात गारवा लागतो. 'स्टार जास्मिन' तर जाई-मोगऱ्याच्या कुळातलीच नाही. तिचं पान तोडलं की दुधासारखा चीक येतो, मोगऱ्याला चीक नसतो. ही परीक्षा अगदी सोपी आहे.

मोगऱ्यातही 'मेड ऑफ ऑर्लिन्स' ही जात सर्वांत सोशीक आणि फुलांना उदार आहे. 'ग्रँड ड्यूक ऑफ टस्कनी' म्हणजे छोट्या गुलाबासारखं गच्च फूल. दिसतं फार देखणं, पण झाड हळू वाढतं, फांद्या काटकुळ्या राहतात आणि कलम लवकर लागत नाही. पहिलाच हिवाळा असेल तर मेड ऑफ ऑर्लिन्स घ्या.

जास्वंदीत याहून मोठा घोळ होतो. गडद, चकचकीत पानांची आपली जास्वंद तिथे 'ट्रॉपिकल हिबिस्कस' म्हणून मिळते आणि घरात आणावी लागते ती फक्त हीच. 'हार्डी हिबिस्कस'ची ताटलीएवढी फुलं येतात, ती थंडीत जमिनीपर्यंत वाळते आणि मे महिन्यात पुन्हा फुटते. 'रोझ ऑफ शॅरन' हे तर चक्क थंड प्रदेशाचं झुडूप आहे. या दोघींना घरात आणून उबेत ठेवलं की त्यांची झोप मोडते आणि त्या खंगतात. त्यांना बाहेरच राहू द्या.

एक सूचना इथेच देऊन ठेवतो. गावाकडच्या मोगऱ्याची फांदी ओल्या कापडात गुंडाळून विमानातून नेण्याचा मोह होतो. अमेरिकेत रोपं किंवा लावायच्या फांद्या नेताना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं आणि माती तर अजिबात चालत नाही. या झाडांच्या चांगल्या जाती तिथेच, विशेषतः फ्लोरिडातल्या नर्सऱ्यांकडून पार्सलने मिळतात.

ऑगस्टच्या मध्यापासून तयारी

15 ऑगस्टनंतर नत्राचं खत बंद करा. उशिरा फुटलेली कोवळी पालवी सगळ्यात आधी माव्याला बळी पडते आणि घरात आल्यावर सगळ्यात आधी गळते. मोठ्या कुंडीत बदलण्याचं काम शरदात करू नका. जास्तीची माती हिवाळाभर ओली राहते आणि तिथे मुळं नसल्यामुळे ते पाणी कोणी पीत नाही.

ऑगस्टमध्येच प्रत्येक आवडत्या झाडाची दोन-तीन कलमं करून ठेवा. चार फुटी जास्वंद खिडकीत मावत नाही, पण चार इंची कुंडीतलं तिचं पिल्लू स्वयंपाकघराच्या खिडकीत सहज हिवाळा काढतं. मोठं झाड दगावलं तरी जात हातची जात नाही. कलमांची कृती पुढे दिली आहे.

आत कधी आणायचं

पहिल्या बर्फाची किंवा दहिवराची (गोठलेल्या दवाची, म्हणजे फ्रॉस्टची) वाट बघू नका. रात्रीचं तापमान सलग 13 अंशांच्या (55 फॅरनहाइट) खाली जायला लागलं की मोगरा, जास्वंद, तगर, अबोली आत. 10 अंशांखाली जास्वंदीची पानं पिवळी पडू लागतात आणि ती गळती आत आणल्यावरही दोन आठवडे थांबत नाही. शिकागो-टोरांटोकडे ही वेळ बहुधा सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात येते, न्यू जर्सीत साधारण ऑक्टोबरच्या सुरुवातीला. चाफा आणि बोगनवेल 7 ते 10 अंशांपर्यंत बाहेर राहू शकतात. कण्हेर हलकं दहिवरही सोसते. पण कण्हेरीचं पान, फूल, फांदी सगळंच विषारी आहे. घरात रांगतं मूल किंवा पाळीव प्राणी असेल तर ती गॅरेजमध्येच ठेवा.

दुसरा नेम असा, की घराची हीटिंग सुरू होण्याआधी झाडं आत यायला हवीत. हीटिंग सुरू झाली की घरातली आर्द्रता 20-30 टक्क्यांवर येते. बाहेरच्या दमट हवेतून थेट त्या कोरड्या हवेत आलेलं झाड निम्मी पानं टाकतं. दोन आठवडे आधी आणलं तर बदल हळूहळू होतो. त्याआधीचा एक आठवडा कुंडी बाहेरच झाडाच्या सावलीत ठेवावी, म्हणजे कमी उजेडाची सवय होते.

आत आणण्याच्या दिवशी तीन कामं करायची. आधी होजच्या जोरदार फवाऱ्याने सगळी पानं, विशेषतः पानांची खालची बाजू धुऊन काढा. मग कुंडी काठापर्यंत कोमट पाण्याच्या बादलीत 15-20 मिनिटं बुडवा, मातीतल्या मुंग्या, गोगलगाई, वाणी किडे वर येतात. शेवटी कडुनिंबाच्या तेलाची फवारणी: 1 लिटर कोमट पाण्यात आधी 2-3 मिली सौम्य द्रवसाबण, मग 5 मिली निंबाचं तेल, आणि फवारताना बाटली सतत हलवत राहायची. साबणाशिवाय तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं आणि पानावर डाग पाडतं. फवारणी संध्याकाळी करा, आठ दिवसांनी पुन्हा करा. दुसरी फवारणी बरेच जण टाळतात, पण पहिलीतून वाचलेल्या अंड्यांतून बाहेर आलेली पिल्लं तिनेच मरतात.

जागी ठेवायची झाडं

जागा दक्षिणेकडच्या खिडकीची. ती नसेल तर पश्चिमेची किंवा पूर्वेची, वर दिवा लावून. उत्तरेची खिडकी एकटी पुरत नाही. पांढऱ्या उजेडाचा एलईडी ग्रो-लाइट झाडाच्या शेंड्यापासून 20-30 सेंटिमीटरवर टांगा आणि टायमर लावून रोज 12 ते 14 तास चालू ठेवा. दिवा छताला आणि झाड जमिनीवर असेल तर त्याचा उपयोग जवळपास शून्य, कारण अंतर दुप्पट झालं की उजेड साधारण चौथाईवर येतो. पान खिडकीच्या काचेला टेकू देऊ नका. जानेवारीच्या रात्री काचेलगतचं पान गारठून काळं पडतं.

पाणी वारावर घालायचं नाही, वजनावर घालायचं. पोटभर पाणी दिल्यावर कुंडी एकदा उचलून बघा, तो भार हाताला लक्षात राहू द्या. मग रोज थोडी उचलून बघायची. निम्म्याने हलकी लागली आणि बोट दोन पेरं मातीत घातल्यावर कोरडं आलं की पाणी द्यायचं. दिलं की असं द्या की खालच्या भोकातून निथळलं पाहिजे, आणि ताटलीत साठलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाका. पाणी नेहमी खोलीच्या तापमानाचं. घरात मिठाचा वॉटर सॉफ्टनर असेल तर त्याचं पाणी झाडांना अजिबात घालू नका. त्यातलं सोडियम मातीत साठतं आणि पानांच्या कडा जळतात. सॉफ्टनरच्या आधीच्या, सहसा बाहेरच्या नळाचं पाणी भरून ठेवा.

आर्द्रतेसाठी पानांवर पाणी शिंपडण्याचा फायदा पंधरा-वीस मिनिटांपुरताच असतो. कुंड्या एकत्र ठेवणं आणि जवळ छोटा ह्युमिडिफायर चालवून आर्द्रता 40-50 टक्के राखणं हे खरं कामाचं. आठवड्यातून एकदा शॉवरखाली झाडाला आंघोळ घातली तर आर्द्रताही मिळते आणि लाल कोळी ही कीडही धुतली जाते.

*जास्वंद* 16 ते 21 अंशांत राहते. आत आणताना तिची एक-तृतीयांश छाटणी करा. पहिल्या तीन आठवड्यांत पानं गळणारच, त्याला घाबरून पाणी वाढवू नका. फांदी जिवंत आहे का हे नखाने बघायचं. साल किंचित खरवडली आणि खाली हिरवा, ओलसर थर दिसला की झाड ठीक आहे. तपकिरी, कोरडं दिसलं तर तिथून खाली हिरवं लागेपर्यंत कापत या.

*मोगरा* जागी ठेवायच्या आणि झोपवायच्या झाडांच्या मधला आहे, आणि इथेच महाराष्ट्रातल्या फूलशेतीचं ज्ञान कामाला येतं. आपल्याकडे मोगऱ्याला थंडीत पाणी तोडून ताण देतात, मग छाटणी, खत आणि पाणी, की उन्हाळ्यात कळ्यांचा बहर येतो. थंड देशात हा ताण आयता मिळतो. तो नीट द्यायचा एवढंच. मोगरा 10 ते 15 अंशांच्या उजेडाच्या जागी ठेवा: न तापवलेली पण काचेची खोली, जिन्याची खिडकी, तळघराच्या खिडकीखाली दिवा. डिसेंबर-जानेवारीत माती जवळजवळ कोरडी होऊ द्या, पण खडखडीत नाही. 30 सेंटिमीटरच्या कुंडीला दोन-तीन आठवड्यांनी एक-दीड पेला पाणी पुरतं. पानं निम्मी गळतात, गळू द्या. बैठकीच्या उबेत, कमी उजेडात ठेवलेला मोगरा लांबलचक, फिकट, दोऱ्यासारखे फुटवे काढतो आणि त्यांना फुलं येत नाहीत.

*अनंत* या सगळ्यांत हट्टी. त्याला आम्ल माती लागते (सामू, म्हणजे पीएच, 5 ते 6), दिवसा ऊब आणि रात्री 15-18 अंशांचा गारवा लागतो. रात्री खोली त्याहून गरम असेल तर कळी नीट धरत नाही, हवा कोरडी असेल तर धरलेली कळी गळते. नळाचं पाणी जड असेल तर कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागतात. ही लोहाची कमतरता असते. आम्लप्रिय झाडांचं खत आणि चिलेटेड (झाडाला सहज शोषता येईल अशा रूपातलं) लोह दिल्याने ती भरून येते. पावसाचं किंवा वितळलेल्या बर्फाचं पाणी खोलीच्या तापमानाला आणून घातलं तर ते अनंताला चांगलं मानवतं. कुंडीची दिशा कळ्या असताना बदलू नका.

*ब्रह्मकमळ* 10-13 अंशांत, उजेडात आणि महिन्याला एकदा पाण्यावर खुशाल राहतं. हा कोरडा, गार काळ मिळाला की पुढे उन्हाळ्यात कळ्या जास्त येतात. *तगर* जास्वंदीसारखीच सांभाळा. *अबोलीला* 15 अंशांखाली ठेवू नका, तिची जागा दिव्याखाली.

झोपवायची झाडं

चाफ्यापासून सुरुवात करतो, कारण तोच सगळ्यात सोपा आणि तोच सर्वांत जास्त चुकीच्या पद्धतीने सांभाळला जातो. मूळ रानात तो कोरड्या ऋतूत पानं टाकून उभा असतो. खोडात पाणी आणि अन्न साठवलेलं असतं. म्हणून त्याला हिवाळ्यात काही म्हणता काही नको.

सप्टेंबरअखेर पाणी कमी करत न्या, ऑक्टोबरात बंद. पानं पिवळी होऊन गळतील. उरलेली कात्रीने कापा, पण देठाचा दोन-तीन सेंटिमीटर तुकडा फांदीवर राहू द्या, तो आपोआप वाळून गळतो. देठ मुळापासून ओरबाडला तर जखमेतून कूज शिरते. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, त्वचेलाही झोंबतो. मग कुंडी 7 ते 13 अंशांच्या कोरड्या जागी ठेवा: तळघर किंवा घराला लागून असलेलं गॅरेज. उजेड लागत नाही. जागा अडचणीची असेल तर झाड कुंडीतून उपसून, माती झाडून, मुळं वर्तमानपत्रात सैल गुंडाळून आडवंही ठेवता येतं.

गॅरेजमध्ये किमान-कमाल तापमान नोंदवणारा थर्मामीटर हवाच. 30 जानेवारी 2019 रोजी शिकागोत पारा उणे 30 अंशांपर्यंत उतरला होता. एरवी 5 अंशांवर राहणारं गॅरेजही अशा रात्री गोठणबिंदूच्या खाली जातं आणि चाफ्याला ती एक रात्र पुरते. कुंड्या काँक्रीटच्या फरशीवर न ठेवता लाकडी फळीवर किंवा थर्माकोलवर ठेवा, गॅरेजच्या मोठ्या दारापासून दूर, घराच्या भिंतीला लागून. कडाक्याची थंडी येणार असेल त्या दोन-तीन रात्री सरळ घरात उचलून आणा.

महिन्यातून एकदा प्रत्येक फांदीचं टोक चिमटीत हलकं दाबून बघा. टणक असेल तर उत्तम. साल किंचित सुरकुतली असेल तरी चालतं, फार चिंबली असेल तर एक पेला पाणी द्या आणि पुन्हा विसरून जा. टोक मऊ लागलं, दाबल्यावर आत गेलं, तर कूज सुरू झाली आहे. धारदार, स्पिरिटने पुसलेल्या सुरीने खाली कापत या, आतला गाभा स्वच्छ पांढरा दिसेपर्यंत. तपकिरी ठिपका उरला तर कूज पुढे सरकते. याला एक अपवाद आहे. पहिल्याच वर्षी मुळं धरलेल्या लहान चाफ्याकडे साठा नसतो, त्याला पहिला हिवाळा दिव्याखाली, थोड्या पाण्यावर जागा ठेवा.

बोगनवेल 5 ते 10 अंशांत, पाणी तीन-चार आठवड्यांनी एक पेला. पानं सगळी गळतात.

कर्दळीची पानं पहिल्या दहिवराने काळी पडू द्या, मग खोड 10-15 सेंटिमीटरवर कापून गड्डे उकरा. दोन-तीन दिवस सावलीत सुकवून, किंचित दमट पीटमध्ये किंवा वर्तमानपत्रात 7-10 अंशांत ठेवा. सोनटक्क्याचे गड्डे पूर्ण सुकलेले चालत नाहीत, ते कुंडीतच, जेमतेम ओलसर मातीत ठेवणं बरं. निशिगंधाचे कंद मात्र थंडीला हळवे आहेत. मोठं दहिवर पडण्याआधी काढा, आठवडाभर सुकवा आणि 13-18 अंशांत कोरडे ठेवा. म्हणजे ते गॅरेजमध्ये नाही, घरातल्या कपाटात. एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही, त्याच्या बाजूची पिल्लं मोठी होऊन एक-दोन वर्षांनी फुलतात. म्हणून घड फोडताना पिल्लं फेकू नका.

हिवाळ्यातली कीड

लाल कोळी सर्वांत त्रासदायक, कारण कोरडी ऊब हेच त्याचं माहेर. पानावर बारीक फिकट ठिपके दिसायला लागले की पांढरा कागद पानाखाली धरून पान टिचकीने झटका. कागदावर पडलेले धुळीसारखे कण चालू लागले आणि बोट फिरवल्यावर तांबूस रेघ उमटली तर तो कोळी. झाड न्हाणीघरात नेऊन पानांची खालची बाजू पाण्याने धुवा, मग कीडनाशक साबण फवारा. असं दर पाच दिवसांनी, निदान चार वेळा.

पिठ्या ढेकूण फांदीच्या बेचक्यात कापसासारखा दिसतो. 70 टक्के रबिंग अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या काडीने एकेक पुसा. खवले कीड नखाने खरवडून काढा. पांढरी माशी असेल तर पिवळे चिकट कागद लावा. मातीवर उडणारी बारीक काळी चिलटं ही खरं तर जास्त पाण्याची खूण आहे. वरची दोन-तीन सेंटिमीटर माती वाळू द्या आणि डासांच्या अळ्यांसाठी मिळणारे बीटीआयचे दाणे पाण्यात भिजवून, गाळून ते पाणी घाला.

मार्चमध्ये उठवणं

मार्चच्या सुरुवातीला दिवस 11 तासांच्या पुढे जातो, झाडाला ते कळतं. आता छाटणी. मोगरा आणि जास्वंद दोन्हींना फूल नव्या फुटव्यावर येतं, म्हणून हात आखडू नका. मोगऱ्याच्या सगळ्या फांद्या निम्म्यावर आणा, उरलेली जुनी पानंही खुडून टाका, डोळे एकदम फुटतात. जास्वंदीच्या फांद्या बाहेरच्या बाजूच्या डोळ्याच्या अर्धा सेंटिमीटर वर कापा. मार्चमध्ये छाटलेली जास्वंद गणपतीच्या दिवसांत, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात, भरभरून फुलते. मे महिन्यात छाटली तर ऐन वेळी पानंच पानं असतात.

कुंडी बदलायची तर आता, आणि फक्त पाच सेंटिमीटर मोठी. दोन भाग पॉटिंग मिक्स आणि एक भाग परलाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र खडे). अंगणातली माती कुंडीत घालू नका, ती घट्ट बसून चिखल होतो. बोगनवेलीची मुळं ठिसूळ, तिचा गोळा न फोडता उचला. खत निम्म्या मात्रेने सुरू करा, तेही नवी पालवी दिसल्यावर. जास्वंदीला जास्त पालाश (पोटॅश) आणि कमी स्फुरद (फॉस्फरस) असलेलं खत द्या. चाफ्याला एप्रिलच्या मध्यात उबेत, उजेडात आणा, पण टोकाला पानांचे कोंब फुटल्याशिवाय पाणी घालू नका. निशिगंधाचे कंद एप्रिलमध्येच घरात कुंडीत लावा. त्याला फुलायला चार महिने तरी लागतात, थेट जूनमध्ये जमिनीत लावला तर कळी येते आणि दहिवर तिला गाठतं.

कलमं

छाटलेल्या फांद्या टाकू नका. मोगरा, जास्वंद, तगर यांचं फाटे कलम एकाच रीतीने होतं. फांदी कोवळी लुसलुशीत नको आणि जून लाकडीही नको: वाकवल्यावर लवते आणि जास्त वाकवल्यावर कट्कन मोडते, ती योग्य. 10-12 सेंटिमीटरचा, तीन-चार पेरांचा तुकडा घ्या. खालचा काप पेराच्या अगदी खाली, पाव सेंटिमीटरवर, कारण मुळं पेरापासून जोमाने फुटतात आणि पेराखाली लांब शेपटी राहिली तर ती कुजते. खालची पानं काढा, वरची दोन ठेवा आणि तीही अर्धी कापा. कळी असेल तर खुडा.

खालचं टोक रूटिंग पावडरमध्ये (0.1 ते 0.3 टक्के आयबीए, म्हणजे मुळं फोडणारं संप्रेरक) बुडवून जास्तीची झटकून टाका. पेन्सिलीने आधी भोक पाडून मगच कलम खोचा, नाहीतर पावडर वरच पुसली जाते. माध्यम निम्मं परलाइट, निम्मं कोकोपीट. मूठभर दाबल्यावर एखादाच थेंब पडावा इतकंच ओलं. वर पारदर्शक पिशवी किंवा कापलेली प्लॅस्टिकची बाटली. खाली बियाणांसाठी मिळणारी हीट मॅट, माध्यम 24-27 अंश राहायला हवं. थंड देशात कलमं न लागण्याचं मुख्य कारण हेच: हवा 20 अंश वाटते, पण खिडकीच्या कट्ट्यावरची माती 15 अंशांवर असते आणि मुळांआधी कूज येते. थेट उन्हात मात्र ठेवू नका, बाटलीच्या आत भट्टी होते.

जास्वंद चार ते सहा आठवड्यांत, मोगरा चार ते आठ आठवड्यांत मुळं धरतो. नवी पालवी म्हणजे मुळं आली असं समजू नका, फांदीतल्या साठ्यावरही ती फुटते. कलम अलगद ओढून बघा, मातीने धरून ठेवल्यासारखं वाटलं की मुळं आहेत. मग आठवडाभर बाटली रोज थोडी जास्त वेळ काढत हवेची सवय करा आणि चार इंची कुंडीत हलवा. पाण्याच्या ग्लासातही मुळं फुटतात, पण ती ठिसूळ असतात. दोन-तीन सेंटिमीटर झाली की लगेच मातीत लावा. मोठ्या रंगीत फुलांच्या संकरित जास्वंदी मात्र कलमाने नीट लागत नाहीत. त्या दुसऱ्या जोमदार जास्वंदीवर बांधलेल्या असतात.

चाफ्याचं तंत्र उलटं. करड्या सालीची, 30-45 सेंटिमीटरची फांदी वसंतात कापा, पानं काढा आणि कोरड्या सावलीत एक-दोन आठवडे नुसती ठेवून द्या. कापावर कडक, फिकट पापुद्रा धरला की मग लावायची. चीक ओला असताना लावली तर ती बुडापासून कुजते. अर्धं परलाइट असलेल्या मिश्रणात 7-10 सेंटिमीटर खोल, काठीला बांधून, हीट मॅटवर. लावताना एकदा पाणी, मग पानं उलगडेपर्यंत जवळजवळ काही नाही. सहा ते दहा आठवडे लागतात. ऑक्टोबरात छाटलेली फांदी वर्तमानपत्रात गुंडाळून वसंतापर्यंत कोरडी ठेवली तरी चालते. ब्रह्मकमळाचं 15 सेंटिमीटरचं पान असंच आठवडाभर सुकवून लावायचं.

बाहेर नेणं

रात्री सलग 10 अंशांच्या वर राहू लागल्या की. न्यू जर्सीत हे मेच्या मध्याला, शिकागोत मेच्या अखेरीकडे जमतं. टोरांटोकडे व्हिक्टोरिया डेच्या (मेच्या उत्तरार्धातली कॅनडातली सुट्टी) वीकएंडआधी रोपं बाहेर लावू नयेत असं तिथले जुने बागकाम करणारे सांगतात, आणि मोगऱ्या-जास्वंदीला त्यावरही आठवडाभर थांबलेलं चांगलं. पहिले तीन-चार दिवस पूर्ण सावली, मग सकाळचं तासभर ऊन, रोज थोडं वाढवत 10-14 दिवसांत पूर्ण ऊन. घरात वाढलेलं पान थेट उन्हात ठेवलं तर एका दुपारीत पांढरं भाजतं. ते पान परत हिरवं होत नाही, पण झाड नवीन पानं काढतं, तेव्हा त्याला पुन्हा आत नेऊन गोंधळवू नका.

मोगरा बाहेर स्थिरावला की जूनमध्येच त्याचं दाब कलम करून टाका. जमिनीलगतची एक लवचीक फांदी शेजारच्या कुंडीवर वाकवा, पेराच्या खालच्या बाजूला दोन सेंटिमीटरची तिरपी चीर द्या, चिरेत काडीचा तुकडा अडकवून ती मिटू देऊ नका, आणि तेवढा भाग पाच सेंटिमीटर मातीखाली तारेच्या आकड्याने दाबून ठेवा. माती ओलसर राहिली पाहिजे. मूळ झाड फांदीला पोसत असतं, त्यामुळे हे कलम क्वचितच फसतं. ऑगस्टअखेर आईपासून कापायचं आणि तीन आठवडे तसंच बाहेर राहू द्यायचं, म्हणजे घरात यायच्या वेळी ते स्वतःच्या मुळांवर उभं असतं.